विश्वभारती: शांतिनिकेतन आणि श्रीनिकेतनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शांतिनिकेतनला जाऊन आल्यापासून ओळखीतले लोक मला त्या जागेबद्दल काही ना काही विचारत असतात. कुणाला मुलीला तिथल्या कलाभवनात, म्हणजे कलेच्या शाळेत, घालायचं असतं, कुणी सुट्टीत सहकुटुंब जायचा बेत आखत असतं, कुणाला नुसतंच जाणून घ्यायचं असतं की रवींद्रनाथ ठाकूर (टागोर) या कवीनं विद्यापीठ काढलं म्हणजे नेमकं काय केलं. ती उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. शांतिनिकेतनबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं, श्रीनिकेतनबद्दल फार थोडं, आणि ते मला मनापासून खटकतं. म्हणून श्रीनिकेतनाच्या प्रश्नांपाशी मी जास्त रेंगाळलो आहे.

शांतिनिकेतन, श्रीनिकेतन आणि विश्वभारती ही एकाच जागेची नावं आहेत का?

विश्वभारती हे विद्यापीठाचं नाव. ते पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात, बोलपूर गावाला लागून आहे. त्याचे दोन परिसर आहेत. शाळा, भाषा, कला, संगीत, तत्त्वज्ञान, विज्ञान हे शांतिनिकेतनात. तिथून तीनेक किलोमीटरवर, सुरुल गावाजवळ श्रीनिकेतन. तिथे शेती, ग्रामोद्योग, समाजकार्य आणि आसपासच्या खेड्यांतलं काम चालतं. रवींद्रनाथांच्या लेखी ही एकाच कामाची दोन अंगं होती.

ही जागा रवींद्रनाथांनी निवडली का?

नाही, त्यांच्या वडिलांनी. महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर यांनी १८६३ साली रायपूरच्या सिंह जमीनदारांकडून इथली वीस बिघे जमीन कायमच्या पट्ट्यानं घेतली. तेव्हा हा उजाड माळ होता. लाल जांभ्याची जमीन, पावसानं कापून काढलेल्या घळी, आणि सावलीला म्हणावीत अशी छातिमची दोन झाडं. त्या घळींना तिथे ‘खोआई’ म्हणतात. कोकणातल्या माणसाला ती माती पाहून घरी आल्यासारखं वाटेल.

छातिम म्हणजे आपली सातवीण, सप्तपर्णी. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दिवाळीच्या सुमारास जिचा उग्र वास दरवळतो, तीच. तिच्या लाकडाच्या पाट्या पूर्वी शाळेत लिहायला वापरत, म्हणून तिच्या शास्त्रीय नावात ‘स्कॉलॅरिस’ हा शब्द आला. एका विद्यापीठाची सुरुवात नेमकी याच झाडाखाली व्हावी, याचं मला अजून नवल वाटतं. देवेंद्रनाथ जिथे ध्यानाला बसत तिथे आज त्यांचे शब्द कोरलेले आहेत: ‘तिनि आमार प्राणेर आराम, मनेर आनंद, आत्मार शांति’, म्हणजे तो माझ्या प्राणाचा विसावा, मनाचा आनंद, आत्म्याची शांती.

१८८८ साली त्यांनी या जागेचं विश्वस्तपत्र केलं. इथे निराकार ईश्वराची उपासना व्हावी. मूर्तिपूजा, मांसाहार आणि मद्य नसावं. कुठल्याही धर्माची किंवा कुणाच्या उपास्याची निंदा होऊ नये. दरवर्षी मेळा भरावा आणि विद्यालय निघावं, असं त्यात आहे. रंगीत काचांचं उपासनामंदिर १८९१ मधलं. पौष मेळा भरू लागला १८९४ पासून. रवींद्रनाथ इथे पहिल्यांदा आले ते मुंजीनंतर, १८७३ साली, वडिलांबरोबर हिमालयात जाताना. तेव्हा ते अकरा वर्षांचे होते.

शाळा कधी आणि किती मुलांवर सुरू झाली?

२२ डिसेंबर १९०१ रोजी, म्हणजे बंगाली पंचांगानुसार पौष ७ ला. देवेंद्रनाथांनी ब्राह्म धर्माची, म्हणजे ब्राह्मो समाजाच्या पंथाची, दीक्षा घेतली ती हीच तिथी. मुलं होती पाच, आणि त्यांतला एक रवींद्रनाथांचा मुलगा रथींद्रनाथ. नाव ठेवलं ब्रह्मचर्याश्रम. पुढे या शाळेला पाठभवन म्हणू लागले आणि त्या नावानं ती आजही चालू आहे.

पहिली वर्षं भयंकर गेली. शाळेसाठी अंगावरचे दागिने काढून देणाऱ्या मृणालिनीदेवी १९०२ च्या नोव्हेंबरात वारल्या. दुसऱ्या वर्षी मुलगी रेणुका गेली. १९०४ साली सतीशचंद्र राय हे तरुण, जीव ओतून शिकवणारे शिक्षक आश्रमातच देवीच्या साथीत गेले आणि शाळा काही काळ ठाकूरांच्या जमीनदारीतल्या शिलाईदहाला हलवावी लागली. १९०५ मध्ये देवेंद्रनाथ गेले, १९०७ मध्ये धाकटा मुलगा शमींद्रनाथ. या सगळ्यात माणसानं शाळा बंद केली असती तर कुणी नावं ठेवली नसती. रवींद्रनाथांनी बंद केली नाही. शांतिनिकेतनातल्या उत्सवांचे फोटो पाहताना मला ही सहा वर्षं आठवतात.

तिथे सुरुवातीपासून जातपात नव्हती, हे खरं आहे का?

खरं नाही, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या काळातल्या ब्रह्मचर्याश्रमावर प्राचीन तपोवनाच्या कल्पनेचा पगडा होता. ब्राह्मण मुलांनी ब्राह्मणेतर शिक्षकाच्या पाया पडावं का, असा प्रश्न निघाला तेव्हा खुद्द रवींद्रनाथांनी रूढीला धरून, दुरून नमस्कार करण्याची वाट सुचवली होती. हाच माणूस पुढच्या दहा-बारा वर्षांत बदलला. जेवणाच्या पंगतीतले भेद गेले, मुली शिकू लागल्या, परदेशी शिक्षक आले, आणि तपोवनाच्या जागी ‘सगळ्या जगाचं घरटं’ ही कल्पना आली. मूळ आदर्श म्हणजे पहिल्या दिवशी दगडावर कोरलेलं वाक्य, असं समजून या संस्थेकडे पाहिलं तर ती कळत नाही. ते आदर्श काम करता करता, चुका दुरुस्त करत घडले आहेत.

झाडाखाली वर्ग भरवणं ही कवीची हौस होती का?

लहानपणी त्यांना कोलकात्यात एकामागून एक शाळांत घातलं गेलं आणि एकाही शाळेत ते टिकले नाहीत. चार भिंती, बाक, छडी आणि न कळणाऱ्या भाषेतले धडे यांचा त्यांनी धसकाच घेतला होता. म्हणून स्वतःच्या शाळेत त्यांनी शिक्षणाचं माध्यम मातृभाषा ठेवलं, मारणं बंद केलं, आणि मुलांच्या तक्रारींचा निवाडा मुलांच्याच सभेकडे सोपवला. पोर आपलं आसन बगलेत मारून येतं, झाडाखाली गोल करून बसतं, पाऊस आला की आडोशाला पळतं.

इथे लोकांची एक गफलत होते. मोकळं आभाळ म्हणजे ढिला अभ्यास, असं त्यांना वाटतं. पहिल्या शिक्षकांतले जगदानंद राय गणित आणि विज्ञान शिकवायचे, आणि मुलांसाठी त्यांनी बंगालीत विज्ञानाची सोपी पुस्तकं लिहिली. पहाटेचं वैतालिक गान, ऋतूंचे उत्सव, नाटकं यांना अभ्यासाइतकंच मानाचं स्थान होतं, कारण डोळे, कान आणि हात शिकले नाहीत तर डोकं अर्धवटच शिकतं अशी त्यांची धारणा होती. मला ती पूर्ण पटते. आपल्याकडे नववी आली की चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकतात, हे पाहिलं की जास्तच पटते.

बुधवारी सुट्टी का असते?

बुधवारी मंदिरात साप्ताहिक उपासना असते, म्हणून आठवड्याची सुट्टी बुधवारी. रविवारी जाऊन ‘आज बंद असेल’ असं समजू नका, आणि बुधवारी जाऊन निराश होऊ नका.

पैसा कुठून यायचा?

कायम ओढाताणीतून. पुरीचं घर विकलं, पुस्तकांचं उत्पन्न संस्थेकडे वळवलं. १९१३ चं नोबेल पारितोषिक मिळालं तेव्हा आठ हजार पौंड आले. रवींद्रनाथांनी ती रक्कम आपल्या जमीनदारीतल्या पतिसर गावच्या शेती बँकेत ठेवली. सावकाराच्या तावडीतल्या कुळांना त्यातून स्वस्त कर्ज मिळावं आणि व्याज शाळेला यावं, अशी योजना होती. एकाच पैशातून शेतकरी आणि विद्यार्थी दोघांची सोय. पुढे बँक बुडाली आणि मुद्दल गेलं. व्यवहार म्हणून तो फसला. पण आयुष्यातली सगळ्यात मोठी रक्कम हातात आल्यावर त्यांना आधी कुळं आठवली, ही गोष्ट मला त्या पदकापेक्षा मोठी वाटते.

निजामानं इस्लामी विद्येच्या अध्ययनासाठी एक लाख रुपये दिले होते. तरीही रवींद्रनाथांना म्हातारपणी नृत्यनाट्याचा संच घेऊन गावोगाव फिरावं लागे. १९३६ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर ते असा दौरा करत दिल्लीला पोहोचले. गांधीजींना ते पाहवेना. त्यांनी साठ हजार रुपयांची व्यवस्था करून दौरा थांबवायला लावला.

चांगली चाललेली शाळा असताना विद्यापीठ कशासाठी काढलं?

१९१६ साली, महायुद्ध पेटलेलं असताना, रवींद्रनाथ जपान आणि अमेरिकेत राष्ट्रवादाविरुद्ध व्याख्यानं देत फिरत होते. त्याच प्रवासात त्यांनी मुलाला पत्रातून कळवलं की शांतिनिकेतन हा भारताला जगाशी जोडणारा दुवा झाला पाहिजे. १९१८ च्या डिसेंबरात पायाभरणी झाली, १९१९ मध्ये अध्यापन सुरू झालं, आणि २३ डिसेंबर १९२१ रोजी तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ सील यांच्या अध्यक्षतेखाली विश्वभारतीची रीतसर स्थापना झाली.

त्या वर्षाचा विचार करा. असहकार ऐन भरात होता, विलायती कापडाच्या होळ्या पेटत होत्या, सरकारी शाळा-कॉलेजांवर बहिष्कार होता. नेमक्या त्या वेळी या माणसानं पॅरिसचे प्राच्यविद्या पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांना पहिले पाहुणे प्राध्यापक म्हणून बोलावलं आणि लेव्ही इथे तिबेटी आणि चिनी शिकवू लागले. जालियनवाला बागेनंतर ‘सर’ ही पदवी परत करणारा माणूस हे करत होता, म्हणून त्याला इंग्रजधार्जिणा म्हणण्याची सोय नव्हती. इंग्रजांनी काढलेली विद्यापीठं परीक्षा घेणारी आणि कारकून घडवणारी; त्यांच्याऐवजी वैदिक, बौद्ध, जैन, इस्लामी, पारशी, शीख अशा भारतातल्या सगळ्या विद्या आधी एका जागी याव्यात आणि मग जगाशी बरोबरीच्या नात्यानं बोलाव्यात, ही कल्पना होती. पुढे प्रागहून विंटरनिट्झ आले, इटलीहून तुच्ची आले, दोघेही प्राच्यविद्येचे अभ्यासक. तान युन-शान या चिनी विद्वानाच्या खटपटीतून १९३७ साली चीनभवन उभं राहिलं. १९३९ मध्ये हिंदीभवन झालं. तिथले हजारीप्रसाद द्विवेदी हिंदीच्या कुठल्याही विद्यार्थ्याला माहीत असतात.

‘यत्र विश्वं भवत्येकनीडम्’ याचा अर्थ काय?

‘जिथे सारं विश्व एक घरटं होतं.’ वचन यजुर्वेदातलं आहे आणि विश्वभारतीचं ते बोधवाक्य आहे. मला त्यातला ‘नीड’ हा शब्द फार आवडतो. घरटं काडी काडी करून बांधावं लागतं, आणि ते कुठल्या तरी एका झाडावरच असतं. त्या झाडाकडे, म्हणजे भोवतालच्या गावांकडे पाठ फिरवून जगाशी नातं जोडता येत नाही. पुढचा प्रश्न त्याबद्दलच आहे.

कवीला शेतीशी काय देणंघेणं? श्रीनिकेतन का काढलं?

तिशीत वडिलांनी जमीनदारीचं काम सोपवलं आणि रवींद्रनाथ पद्मेच्या काठी शिलाईदहा, पतिसर भागात राहू लागले. कर्ज, हिवताप, कोर्टकज्जे आणि नशिबाला दोष देऊन गप्प बसलेली माणसं त्यांनी तिथे रोज पाहिली. शहरातला सुशिक्षित माणूस स्वराज्यावर भाषणं करतो आणि ज्याच्या कष्टावर शिकला त्या गावाकडे ढुंकूनही पाहत नाही, हे शल्य त्यांना आयुष्यभर टोचत राहिलं. सगळा देश आपल्याला सुधारता येणार नाही, पण एक-दोन गावं जरी अज्ञानातून आणि लाचारीतून पूर्ण मोकळी झाली तरी देशाला दाखवायला नमुना तयार होईल, असं ते म्हणत.

श्रीमंत घरची मुलं तेव्हा बॅरिस्टर व्हायला विलायतेला जात. रवींद्रनाथांनी १९०६ साली रथींद्रनाथांना शेतीशास्त्र शिकायला अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात धाडलं. १९१२ मध्ये सुरुलचा जुना वाडा विकत घेतला. पण काम मनासारखं उभं राहिना. मग न्यूयॉर्कमध्ये त्यांना लेनर्ड एल्महर्स्ट हा कॉर्नेलला शेती शिकणारा इंग्रज तरुण भेटला. तो १९२१ च्या अखेरीस आला आणि ६ फेब्रुवारी १९२२ रोजी सुरुलला ग्रामपुनर्रचनेचं केंद्र सुरू झालं. तेच पुढे श्रीनिकेतन. पैसा पुरवला एल्महर्स्टच्या अमेरिकी मैत्रीण डोरोथी स्ट्रेट यांनी. पुढे दोघांचं लग्न झालं आणि श्रीनिकेतनाचा अनुभव गाठीशी घेऊन त्यांनी इंग्लंडमध्ये डेव्हनला डार्टिंग्टन हॉल उभारलं. बीरभूमच्या खेड्यात शिकलेलं इंग्लंडच्या खेड्यात वापरलं गेलं, ही उलटी वाट आपल्याला सहसा कुणी सांगत नाही.

सुरुलला एल्महर्स्टनं विद्यार्थ्यांना पहिला धडा दिला तो मैला साफ करण्याचा. आपली घाण आपण चरात पुरायची, तिचं खत करायचं. भद्रलोकांच्या, म्हणजे सुशिक्षित उच्चवर्णीय बंगाल्यांच्या, मुलांना हा मोठा धक्का होता. गावं का खचली याचं उत्तर त्यानं तीन ‘म’कारांत दिलं होतं, आणि योगायोगानं मराठीतही ते तीन ‘म’च राहतात: माकडं, मलेरिया आणि माणसामाणसांतला अविश्वास. माकडांमुळे भाजीपाला हाती लागत नसे, मलेरियामुळे पेरणी-कापणीच्या हंगामात अंगात ताकद नसे, आणि अविश्वासामुळे यातल्या कशावरच एकत्र येऊन उपाय करता येत नसे.

म्हणून कामही तसंच बांधलं. कालीमोहन घोष गावागावांत हिंडत, घरोघरची पाहणी करत. मुलांचं ‘व्रती बालक’ नावाचं पथक होतं. ती पोरं डबक्यांत रॉकेल टाकत, क्विनाइन वाटत, आग लागली की धावत जात. गावांनी वर्गणी काढून आरोग्य सहकारी संस्था केल्या, म्हणजे डॉक्टर गावाच्या हक्काचा झाला. ‘धर्मगोला’ नावाची सामाईक धान्यकोठारं उघडली. सुगीला धान्य ठेवायचं, अडीअडचणीला उसनं न्यायचं. हातमाग, कुंभारकाम, लाखकाम, कातड्यावरचं नक्षीकाम शिकवलं गेलं. आपल्याकडे प्रदर्शनांत मिळणारी शांतिनिकेतनी चामड्याची पर्स त्याच परंपरेतली, आणि तिला आता भौगोलिक मानांकनही आहे.

१९२८ साली दोन उत्सव सुरू झाले, वृक्षारोपण आणि हलकर्षण. हलकर्षण म्हणजे नांगर धरण्याचा सोहळा. रवींद्रनाथांनी स्वतः नांगराला हात लावला, आणि चित्रकार नंदलाल बोसांनी तो प्रसंग श्रीनिकेतनच्या भिंतीवर चितारून ठेवला. ज्या समाजात नांगर धरणं हलक्या जातीचं काम मानलं जाई, तिथे मंत्र म्हणून, बैल सजवून, कवीनं नांगर धरणं हे फार विचारानं उचललेलं पाऊल होतं. बैलपोळा साजरा करणाऱ्या आपल्या लोकांना त्यातला आदर वेगळा समजावून सांगायला नको.

मग श्रीनिकेतन यशस्वी झालं का?

बीरभूमची गरिबी त्यानं संपवली नाही. ज्या दोन-चार गावांचा नमुना देशाला दाखवायचा होता, तोही म्हणावा तितका पूर्ण झाला नाही. पुढे पदव्या आणि विभाग वाढत गेले तसं विद्यापीठाचं लक्ष शांतिनिकेतनाकडे झुकलं. पण विद्यापीठानं भोवतालच्या गावांच्या आरोग्याची, कर्जाची, पिकांची जबाबदारी घ्यावी, त्याशिवाय त्याला विद्यापीठ म्हणू नये, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी इथे प्रत्यक्ष करून पाहिली गेली. आज आपल्या विद्यापीठांत खेडं हा प्रकल्पाचा, गुणांचा आणि सात दिवसांच्या शिबिराचा विषय आहे. त्या तुलनेत हे काम किती पुढचं होतं ते दिसतं.

‘शिक्षासत्र’ काय आहे? त्याचा सेवाग्रामशी संबंध आहे म्हणतात.

आहे, आणि ही कडी मराठी वाचकांनी जरूर लक्षात ठेवावी. शांतिनिकेतनची शाळा हळूहळू पैसेवाल्यांच्या मुलांची होऊ लागली, परीक्षेच्या मागे लागली, ही खंत रवींद्रनाथांना होती. म्हणून १९२४ साली त्यांनी गरीब खेडूत मुलांसाठी शिक्षासत्र ही वेगळी शाळा काढली आणि १९२७ मध्ये ती श्रीनिकेतनला नेली. बाग, माग, स्वयंपाक, आजाऱ्याची काळजी यांतूनच लिहिणं-वाचणं शिकायचं. रवींद्रनाथांना स्वतःला ही शाळा फार मोलाची वाटे.

१९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीमची, म्हणजे हातकामातून शिक्षणाची, योजना मांडली. ती चालवायला सेवाग्रामला जे दांपत्य राहिलं, ते आर्यनायकम आणि आशादेवी, दोघेही शांतिनिकेतनातून आलेले. आर्यनायकम मूळचे सिलोनचे. काही काळ ते रवींद्रनाथांचे सचिव होते. विदर्भातल्या त्या शाळेच्या मातीत श्रीनिकेतनाचं बी असं आलं.

गांधीजी आणि रवींद्रनाथ यांचं पटत नव्हतं ना?

चरख्यावरून, असहकारावरून, बिहारच्या भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटल्यावरून, जाहीर मतभेद झाले. तरी दक्षिण आफ्रिकेतून गांधीजींच्या फिनिक्स आश्रमातली मुलं भारतात आली तेव्हा त्यांना शांतिनिकेतनानं आसरा दिला. १७ फेब्रुवारी १९१५ रोजी गांधीजी तिथे पोहोचले, आणि दोनच दिवसांत गोखल्यांच्या निधनाची बातमी आली. ते तडक पुण्याला निघाले. मार्चमध्ये परत आल्यावर त्यांनी मुलांना आणि शिक्षकांना विचारलं, आचारी आणि झाडूवाले कशाला हवेत? १० मार्चपासून सगळ्यांनी मिळून स्वयंपाक, भांडी, झाडलोट सुरू केली. प्रयोग फार दिवस टिकला नाही. पण दरवर्षी १० मार्चला ‘गांधी पुण्याह’ पाळतात: त्या दिवशी कामगारांना सुट्टी आणि कामं विद्यार्थी-शिक्षकांकडे.

महाराष्ट्राशी आणखी काही नातं?

पुष्कळ. गांधीजी आले तेव्हा काका कालेलकर शांतिनिकेतनातच होते. त्यांची पहिली भेट तिथलीच. भीमराव शास्त्री तिथे शास्त्रीय संगीत शिकवत. विनायक मासोजी हे कलाभवनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी, नंतर तिथेच शिक्षक. कलाभवनाचे नंदलाल बोस तरुणपणी अजिंठ्याला राहून तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. शांतिनिकेतनच्या भिंती रंगल्या त्यामागे अजिंठा आहे. साने गुरुजींची ‘आंतरभारती’ ही कल्पना विश्वभारतीवरून सुचलेली: जग एकत्र यायचं तर आधी भारतातल्या भाषांनी एकमेकींना ओळखावं. आणि पु. ल. देशपांडे पन्नाशीत बंगाली शिकायला तिथे जाऊन राहिले, हे तर मराठी घराघरांत ठाऊक आहे.

कलाभवनाचं एवढं नाव का?

१९१९ ला सुरू झालेल्या या शाळेला नंदलालबाबूंनी तीस वर्षं दिली. मूळ राज्यघटनेची पानं त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सजवली. त्यांचे शिष्य बिनोदबिहारी मुखर्जी यांनी अधू दृष्टी असताना हिंदीभवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचं अफाट चित्र काढलं. दुसरे शिष्य रामकिंकर बैज. त्यांचं १९३८ चं ‘संथाल कुटुंब’ हे शिल्प सिमेंट आणि लाल खडीचं आहे. आईबाप, पोरं, कुत्रा, कावडीत सगळा संसार, कामाच्या शोधात निघालेले. राजेरजवाड्यांच्या पुतळ्यांच्या काळात एका कलाकारानं शेजारच्या गावातलं मजूर कुटुंब उभं केलं, तेही तिथल्याच मातीतल्या खडीनं. श्रीनिकेतनचा विचार आणि कलाभवनाची कला इथे एक झालेली दिसते.

विद्यापीठ सरकारचं केव्हा झालं?

१९४० च्या फेब्रुवारीत गांधीजी आणि कस्तुरबा शेवटचे एकत्र आले. निघताना रवींद्रनाथांनी गांधीजींच्या हातात पत्र ठेवलं: माझ्यामागे विश्वभारतीला सांभाळा. गांधीजींनी ते मौलाना आझादांकडे दिलं. पुढे आझाद शिक्षणमंत्री असताना, १९५१ साली संसदेनं कायदा करून विश्वभारतीला केंद्रीय विद्यापीठ केलं. आचार्य, म्हणजे कुलपती, पंतप्रधान असतात. पहिले उपाचार्य, म्हणजे कुलगुरू, रथींद्रनाथ झाले. पगार आणि इमारतींची चिंता मिटली. त्याबरोबर परीक्षा, श्रेण्या, फायली आल्या. ज्या साच्याला कंटाळून ही जागा उभी राहिली, तो साचा मागल्या दारानं आत शिरला असं मला वाटतं. तरी पैशाअभावी ती बंद पडली असती तर ते जास्त वाईट झालं असतं.

नोबेल पदक अजून तिथे आहे का?

मूळ पदक २००४ च्या मार्चमध्ये संग्रहालयातून चोरीला गेलं आणि सापडलेलं नाही. नोबेल प्रतिष्ठाननं नंतर प्रतिकृती दिल्या.

जागतिक वारसा कशाला मिळाला?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी युनेस्कोनं शांतिनिकेतनाला यादीत घेतलं. भारतातलं ते एकेचाळिसावं स्थळ.

प्रवेश कसा मिळतो?

केंद्रीय विद्यापीठ असल्यानं पदवीच्या बहुतेक प्रवेशांना सीयूईटी ही सामाईक परीक्षा लागते. कला आणि संगीताला वेगळी कसोटी असते. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा विद्यापीठाची सूचना स्वतः वाचा. बंगाली येत नसेल तर अडत नाही, पण शिकून घ्या. लिपी महिन्याभरात येते.

एकच दिवस हातात असेल तर काय पाहावं?

हावड्याहून बोलपूर रेल्वेनं अडीच-तीन तास. सकाळी लवकर पोहोचा. छातिमतला, म्हणजे देवेंद्रनाथांची ध्यानाची जागा, मंदिर, मग उत्तरायण, म्हणजे रवींद्रनाथांच्या घरांचा परिसर. तिथे ‘श्यामली’ हे १९३५ चं मातीचं घर आवर्जून पाहा. गांधीजी १९४० मध्ये तिथेच उतरले होते. वर्ग चालू असतील तर फोटो काढायला मध्ये शिरू नका, ती खरीच शाळा आहे. पौष मेळ्यात मध्यंतरी खंड पडला होता आणि वसंतोत्सवाचे नियम गर्दीमुळे बदलले आहेत, म्हणून उत्सवासाठी जायचं तर आधी चौकशी करा. शनिवारी सोनाझुरीच्या बनात हाट भरतो. सोनाझुरी म्हणजे आपल्याकडची ऑस्ट्रेलियन बाभूळ.

दुपारी बहुतेक प्रवासी तिथूनच परततात. तुम्ही टोटो, म्हणजे विजेवरची रिक्षा, करा आणि चालकाला श्रीनिकेतनला न्यायला सांगा. सुरुलचा जुना वाडा आणि भिंतीवरचं हलकर्षणाचं चित्र पाहा. ६ फेब्रुवारीच्या सुमाराला गेलात तर वर्धापनदिनाचा माघ मेळा भरलेला असेल. तिथे शेतकरी आपली सगळ्यात मोठी कोबी, भोपळा आणि मुळे मांडून ठेवतात.